पांझरेचे पाणी आणि धुळ्याचे दप्तर

सोमवार

नाशिकहून निघालेली एस. टी. मालेगाव मागे टाकून धुळ्याच्या हद्दीत शिरली की डाव्या-उजव्या बाजूच्या उघड्या टेकड्यांमधून लळिंगचा किल्ला पुढे येतो, आणि मुंबई-आग्रा रस्ता त्याच्या पायथ्यावरून धुळ्यात उतरतो. खानदेशात येणारे सैन्य, लमाणांचे तांडे आणि वसुलाचे हुजरे याच वाटेने आले असणार, हे तो किल्ला पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. माझे काम मात्र किल्ल्याशी नव्हते, नदीशी होते. पांझरा नदीवर जुन्या काळी घातलेल्या दगडी बंधाऱ्यांवर चालणारी फड बागायत, म्हणजे पाटाच्या पाण्याची सामाईक वाटणी करून होणारी शेती, पूर्वी प्रत्यक्षात कशी चालत होती, पाणी कोण वाटत होते, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या नावे पडत होता, याबद्दलचे मूळ कागद पाहण्यासाठी मी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाच्या दप्तरात बसायला आले होते.

या मंडळाचा जन्म धुळ्यातच का झाला, हे थोडक्यात सांगायला हवे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, परंतु एका संस्थेत फार काळ रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. त्यांच्या मागे राहिलेले कागद, टिपणे आणि पोथ्या जागच्या जागी जपाव्यात, या विचाराने धुळ्यातील त्यांच्या चाहत्यांनी जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे मृत्यूला महिना व्हायच्या आतच, मंडळ उभे केले. महाराष्ट्रात थोर माणसाचे स्मारक म्हणजे पुतळा असे समीकरण पुढे इतके पक्के झाले की गावकऱ्यांनी घाईने दप्तर सांभाळायला घेतल्याची ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

दुपारी अर्ज दिला. अर्जात विषय, हेतू आणि कोणत्या काळाचे कागद हवेत हे लिहावे लागते. त्यातील शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण कागद पाहिल्याशिवाय काळ ठरत नाही आणि काळ सांगितल्याशिवाय कागद निघत नाहीत. मी 'अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्याचा आरंभ' असे मोघम लिहिले. तेथील ज्येष्ठ ग्रंथपालांनी ते वाचून फक्त इतकेच विचारले, "ताई, मोडी वाचता ना? की वाचून घ्यायचे आहे?" वाचते म्हटल्यावर त्यांनी उद्या सकाळी यायला सांगितले.

उरलेला वेळ वस्तुसंग्रहालयात गेला. मूर्ती, नाणी, शस्त्रे, पोथ्या असा लहान जिल्हा-संग्रहालयाचा नेहमीचा ऐवज येथे आहे, पण त्यातील पाषाणमूर्तींपुढे थांबावेच लागते. साक्री तालुक्यातील बलसाणे येथे यादवकालीन धाटणीच्या मंदिरांचा मोठा समूह आहे. तो प्रदेश आज कोरडवाहू आणि विरळ वस्तीचा दिसतो. इतकी कोरीव देवळे उभारण्याइतके धान्य आणि पैसा त्या भागात कुठून येत असेल, हा प्रश्न मूर्तींकडे पाहताना पडतो आणि तो माझ्या पाण्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

मंगळवार

सकाळी टेबलावर पहिला रुमाल आला. दप्तरखान्यात रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे बांधलेले चौकोनी फडके, आणि त्याच नावाने आतला संपूर्ण ऐवजही ओळखला जातो. आत पुडकी, पुडक्यांत सुटे बंद, काही लांब कागद एकाला एक चिकटवून गुंडाळलेले. शाईचे पेन बाजूला ठेवून शिसपेन्सिलीने टिपणे घ्यायची, कागद उचलताना दोन्ही हातांचा आधार द्यायचा, आणि पुडक्यातील क्रम बदलायचा नाही, एवढे नियम. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण एका पुडक्यात शेजारी ठेवलेले दोन कागद बहुधा एकाच तंट्याचे असतात आणि ते वेगळे झाले की दोन्ही मुके होतात.

मोडीबद्दल ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कारकून आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे लिहीत जातो. शब्दांत अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हे नसतात. त्यामुळे अक्षरे ओळखणे हा वाचनाचा अर्धाच भाग झाला. शब्द कुठे संपला हे ठरवण्यासाठी विषय माहीत असावा लागतो. शेतसाऱ्याचा कागद वाचणाऱ्याला खंडी, मण, पायली, बिघा, पाटस्थळ, मोटस्थळ हे शब्द आधीच तोंडपाठ असले, तर नजर ते आपोआप पकडते. माझा शोध मुख्यतः 'पाटस्थळ' या एका शब्दाचा होता. विहिरीवर मोट चालवून भिजणारी जमीन ती मोटस्थळ, आणि पाटाच्या वाहत्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ. दोन्हींचा आकार, म्हणजे सारा, वेगळा असे, म्हणून महसुलाच्या कागदांत हा भेद कारकुनाने टाळणे शक्य नसते.

दुसरी गोष्ट तारखेची. मराठेशाहीतील पुष्कळ कागदांवर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो आणि तो एककापासून वर वाचायचा असतो. राजवाड्यांच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. त्या काळाच्या शेवटी 'इहिदे सितैन मया व अलफ' असा सन येतो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पानिपतचा जानेवारी १७६१ असा या हिशेबात बसतो. त्याच कागदावर 'छ' हे अक्षर आणि पुढे एखादा आकडा व मुसलमानी महिना असतो, तो चांद्र दिवस. फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. खेड्यातील पाण्याच्या कागदाला या मृगसालाचे महत्त्व आणखी आहे, कारण शेतीचे आणि वसुलाचे वर्ष पावसाबरोबर सुरू होत असल्याने बंधाऱ्याची डागडुजी जुन्या सालात पडली की नव्या, हे तारखेवरून लगेच कळते.

दिवसभरात जे हाती लागले त्यात बहुतांश कागद वतनाच्या हक्कांचे, घराण्यांच्या वाटण्यांचे, उसनवारीचे होते. एका कागदाच्या पाठीवर कोणीतरी औषधाचा नुस्खा लिहून ठेवला होता. पाटस्थळाचा उल्लेख दोन-तीन ठिकाणी आला, तोही आकड्यांच्या रांगेत. पाव, अर्धा आणि पाऊण यांच्यासाठी उभ्या रेघा असतात (।, ॥, ॥।), आणि त्या रेघा शाई पसरलेल्या जागी आल्या की हिशेबाचा मेळ लागत नाही. संध्याकाळी रुमाल परत बांधला गेला तेव्हा माझ्या वहीत एकच पान भरले होते, आणि दप्तरातील पहिल्या दिवसाला एवढी मिळकत पुरेशी म्हणायची.

बुधवार

हा दिवस सर्वांत कामाचा ठरला. सकाळी ग्रंथपालांनी स्वतःहून दोन पुडकी बाजूला काढून ठेवली होती. तीस-चाळीस वर्षे कागद हाताळणाऱ्या माणसाच्या मनात जी सूची तयार झालेली असते, ती कोणत्याही छापील यादीपेक्षा अधिक उपयोगी असते, आणि ती पुढच्या माणसाकडे कशी द्यायची याची व्यवस्था लहान संस्थांत कुठेच नसते.

पुडक्यांत गावखर्चाच्या फर्दा, म्हणजे हिशेबाचे कागद, होत्या, काही यादी होत्या, आणि मुख्य म्हणजे तक्रारींचे कागद होते. पाण्याचा तंटा झाला की फिर्यादी आपला करीना लिहून देतो. करीना म्हणजे आपली बाजू मांडणारी हकीकत. तिची सुरुवात बहुधा अशी असते की अमुक बंधाऱ्याचे पाणी अमुक थळास पूर्वापार चालत आले आहे, आणि त्यानंतर लगेच 'सांप्रत' काय बिघडले याचे वर्णन येते. पाट वरच्या अंगाला फोडला, पाटाची साफसफाई केली नाही, दुरुस्तीच्या वर्गणीत वाटा दिला नाही, पाळी मोडून पाणी घेतले. मग गोत, म्हणजे गावची सभा, बसते, साक्षी होतात, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होतो. महजरावर जमलेल्यांच्या निशाण्या असतात, कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, आणि कोण कोण जमले होते ते त्यावरून समजते.

हे कागद एकामागून एक वाचताना एक गोष्ट ठळक होत गेली, आणि या प्रवासात मला जे काही समजले ते मुख्यतः एवढेच आहे. मला जाणून घ्यायची होती फडाची रोजची चालरीत, आणि ती नेमकी 'पूर्वापार चालत आले आहे' या चार शब्दांत झाकली गेली होती. वादी आणि प्रतिवादी दोघांनाही चालरीत ठाऊक, पंचांना ठाऊक, लिहिणाऱ्या कुळकर्ण्यालाही ठाऊक. तेव्हा ती लिहिण्याचे कोणालाच कारण नव्हते. ज्या साली बंधारा भरून वाहिला, पाळ्या वेळेवर फिरल्या आणि ऊस तुटून गुऱ्हाळाला गेला, त्या सालाचा एकही कागद होत नाही. कागद होतो तो भांडणाच्या सालाचा. त्यामुळे दप्तरावरूनच जर फडाचा इतिहास लिहिला, तर पांझराकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून एकमेकांच्या उरावर बसत होते असे चित्र उभे राहील, आणि ते चित्र चुकीचे असेल. दोन तंट्यांच्या मधली जी पंचवीस-तीस कोरी वर्षे आहेत, ती व्यवस्था टिकल्याचा खरा पुरावा आहेत. पण कोऱ्या वर्षांचा दाखला क्रमांक काय म्हणून देणार?

भांडणातून चालरीत उलटी वाचता येते, हे मात्र खरे. वरच्याने पाळी मोडली अशी तक्रार असेल तर पाळी ठरलेली होती. वर्गणी दिली नाही अशी तक्रार असेल तर दुरुस्ती गावाच्या अंगावर होती, सरकारच्या नव्हे. पाटकऱ्याने पक्षपात केला अशी तक्रार असेल तर पाणी शेतकरी स्वतः घेत नव्हता, पाटकरी देत होता. अशा उलट्या वाचनाने मी वहीची दोन पाने भरली आणि प्रत्येक ओळीपुढे 'शेतावर विचारणे' असे लिहिले.

दुपारनंतर छापील साधने घेतली. १८८० साली निघालेला बॉम्बे गॅझेटियरचा खानदेश खंड (मालेतील बारावा, संपादक जेम्स कॅम्बेल) प्रत्येक संशोधकाला माहीत असतो आणि म्हणूनच तो कोणी नीट वाचत नाही. त्यात बंधाऱ्यांच्या बांधणीचे वर्णन आहे. नदीच्या पात्रात जेथे खडकाचा पट्टा उघडा असतो तेथे खडकात ठराविक अंतरावर खळगे कोरायचे, त्यांत उभे दगड रोवायचे आणि त्यांच्या आधाराने चुन्यातील भिंत उभी करायची. मोडी कागदांत बंधारा नुसता 'बंधारा' असतो, तो कशाचा आणि कसा बांधला हे तेथे येत नाही. परक्या साहेबाला ते नवल वाटले म्हणून त्याने लिहून ठेवले. हा फरक मी वहीत टिपून ठेवला, कारण तो पुढे उपयोगी पडणार होता.

गुरुवार

दप्तराला सुट्टी देऊन सुरतेच्या रस्त्याने साक्रीच्या दिशेला निघाले. पांझरा सह्याद्रीत पिंपळनेरच्या वरच्या अंगाला उगम पावते, साक्री तालुक्यातून पूर्वेकडे वाहत धुळे शहरातून जाते, मग उत्तरेला वळून मुडावदजवळ कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला मिळते. तिच्या या प्रवाहावर एकाखाली एक बंधारे आहेत. वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेले आणि शेतांतून झिरपलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळते. मोसम, आरम या बागलाणातील नद्यांवरही हीच पद्धत आहे, पण खानदेशात फड म्हटले की आधी पांझराच आठवते.

ज्या गावी मी उतरले तेथे एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आप्पांनी "कथाईन उनात, ताई?" असे अहिराणीत विचारले. नाशिकहून, फडाचे विचारायला, म्हटल्यावर त्यांना हसू आले. पोरे ठिबकचे विचारायला येतात, फडाचे कोण विचारतो, असा त्यांचा भाव होता. तरुणपणी ते स्वतः काही वर्षे पाटकरी होते, हे चहा झाल्यावर कळले, आणि मग मी वहीतील 'शेतावर विचारणे' लिहिलेल्या ओळी एकेक करून त्यांच्यापुढे ठेवल्या.

फडाची रचना त्यांनी मातीत काडीने रेघा ओढून दाखवली. बंधाऱ्याच्या एका टोकाकडून मुख्य पाट निघतो. त्याच्या पाण्याखाली येणारी सगळी जमीन म्हणजे त्या बंधाऱ्याचे थळ. थळाचे बहुधा चार भाग केलेले असतात, तेच फड. पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंग निघून पाणी शेतात उतरते, आणि जादा पाणी पुन्हा नदीला जाण्यासाठी सांडवे ठेवलेले असतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एका फडात ऊस असेल तर सगळ्यांचा ऊसच, दुसऱ्यात गहू-हरभरा तर सगळ्यांचा तोच, आणि दरवर्षी पिके फडांतून फिरवायची. यातली खुबी अशी की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाऊस कमी झाला आणि पाणी चारही फडांना पुरणार नाही असे दिसले, तर पंच एखादा फड त्या वर्षापुरता सोडून देतात. तो सोडला की नुकसान सगळ्यांचे त्यांच्या त्यांच्या वाट्याने होते, एकाचे शेत हिरवे आणि शेजाऱ्याचे करपलेले असे होत नाही. पाण्याच्या वाटपावर आजवर लिहिलेल्या कितीतरी अहवालांत 'समन्याय' हा शब्द वाचला आहे. येथे तो जमिनीच्या तुकड्यांच्या मांडणीतच घालून ठेवलेला होता.

माणसांची व्यवस्थाही त्यांनी सांगितली. देखरेखीला हवालदार, पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. पाणी भरायला शेतकऱ्याने चारीला हात लावायचा नाही, पाटकरीच भरणार. यांचे वेतन पूर्वी धान्यात मिळे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाटातील गाळ काढायला घरटी माणूस यायचा. बुधवारी दप्तरात ज्या तीन गोष्टी मी तक्रारींवरून उलट्या वाचल्या होत्या, त्या तिन्ही आप्पांनी न विचारता सांगितल्या. एका बाबतीत मात्र कागद आणि आप्पा यांचे जमले नाही. पाण्यावरून तंटे व्हायचे का, असे विचारले तेव्हा ते ठामपणे म्हणाले, "नाही. फडावर तंटा कसला?" थोड्या वेळाने त्यांनीच एका जुन्या मारामारीची सविस्तर हकीकत सांगितली, ती त्यांच्या मते तंट्यात मोडत नव्हती.

मग आम्ही बंधाऱ्यावर गेलो. भिंत नदीला काटकोनात नाही, तिरकी आहे, खडकाचा पट्टा जसा गेला तशी ती गेली आहे. काही ठिकाणी चुन्याचे जुने काम दिसते आणि त्यावर सिमेंटचे थर दिसतात. खालच्या अंगाला उघड्या खडकात चौकोनी खळगे आहेत. गॅझेटियरात वाचले नसते तर मी ते खांब रोवायचे किंवा धुण्याचे खळगे समजून पुढे गेले असते. ते रिकामे आहेत त्या अर्थी भिंत कधीतरी थोडी वर किंवा खाली होती आणि वाहून गेल्यावर जागा बदलून पुन्हा बांधली, असा तर्क करता येतो. या बंधाऱ्यांचे वय सर्वसाधारणपणे तीनशे ते चारशे वर्षे सांगितले जाते आणि लोकांच्या तोंडी त्यांचा संबंध फारुकी राजांशी जोडला जातो. फारुकींची राजधानी आधी थाळनेरला व पुढे बुऱ्हाणपूरला होती आणि अकबराने १६०१ मध्ये असिरगड घेतल्यावर ती राजवट संपली. बंधारे एकाच राजवटीने एका झटक्यात बांधले असे मानण्यापेक्षा, पडले तसे बांधत गेले असे मानणे मला त्या रिकाम्या खळग्यांमुळे अधिक पटते.

आज हा पाट पावसाळ्यानंतर काही महिनेच वाहतो. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला सगळ्यांबरोबर एकच पीक घेण्याची गरज उरली नाही. आप्पांच्या मुलाने फडातील आपल्या तुकड्यात कांदा लावला आहे. त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

याच नदीवर दातर्ती येथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या अगदी आरंभी, १८८४ साली, पाटाचे पाणी ओलांडून नेण्यासाठी नळाचा सायफन बांधला होता. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचवली, तिच्यात ठराविक जमिनीच्या गटात पिकांचे प्रमाण बांधून देण्याची कल्पना आहे. पांझराकाठी काम केलेल्या तरुण इंजिनिअरच्या डोळ्यांपुढे फड नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

शुक्रवार

सकाळ समर्थ वाग्देवता मंदिरात घालवली. धुळ्याचेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठामठांतून हिंडून रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवली. ती आज या मंदिरात आहेत आणि समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकिरामायण त्यांत आहे. पाण्याशी याचा संबंध नाही, परंतु एका मध्यम आकाराच्या गावात, एका पिढीच्या आत, हस्तलिखितांसाठी दोन स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या हे स्थानिक इतिहासात नोंदवण्यासारखे आहे. पोथी आणि दप्तर यांतील फरकही येथे जाणवतो. पोथी लिहिणाऱ्याने ती पुढच्याने वाचावी म्हणूनच लिहिलेली असते, अक्षर देवनागरी, ठसठशीत, समास सोडून. गावखर्चाची फर्द लिहिणाऱ्या कुळकर्ण्याच्या मनात दोनशे वर्षांनंतरचा वाचक नव्हताच.

दुपारी पुन्हा मंडळात. आता काय शोधायचे हे ठाऊक असल्यामुळे काम भराभर झाले. मंगळवारी जे आकडे नुसते आकडे म्हणून उतरवून घेतले होते, त्यांच्याकडे परत गेले. गावखर्चाच्या फर्देत देवाची पूजा, फकिराला दिलेले, महाराला दिलेले, अशा कलमांच्या ओळीत पाटाच्या दुरुस्तीचे कलम आहे आणि ते सणासुदीच्या खर्चाइतक्याच सहजपणे लिहिलेले आहे. तंट्याशिवाय फडाचा उल्लेख कुठे सापडेल या प्रश्नाचे हे पहिले उत्तर होते. हिशेबाचा कागद भांडण नसतानाही होतो, दरवर्षी होतो, आणि म्हणून तो रुक्ष असला तरी करीन्यांपेक्षा त्याच्यावर अधिक विसंबता येते. मी ग्रंथपालांना करीने बाजूला ठेवून फर्दाच काढून देण्याची विनंती केली. ते म्हणाले, "हे आजवर कोणी मागितले नव्हते. सगळ्यांना सनदा हव्या असतात."

शनिवार

शेवटचा अर्धा दिवस फर्दा उतरवण्यात आणि मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकाचे जुने अंक चाळण्यात गेला. फर्दांची मालिका सलग नाही. मधली साले गहाळ आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर मोठीच पोकळी आहे. त्यामागे कारण आहे. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांची धामधूम, भिल्लांचे उठाव यांमुळे त्या काळात खानदेशातील कितीतरी गावे ओस पडली होती. कुळकर्णी परागंदा झाल्यावर फर्द कोण लिहिणार? १८१८ मध्ये कंपनीचा अंमल बसला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेश आला. त्याने धुळे हे मुख्य ठिकाण केले आणि नव्या पेठेची आखणी केली. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. पडलेले बंधारे आणि ओसाड थळे यांचा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्याच वर्षी उभा राहिला असणार.

पुढची खेप म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरात जायचे ठरवले आहे. तेथे दख्खनच्या कमिशनरची कागदपत्रे आहेत आणि ब्रिग्ज १८१८ नंतर पहिला कमिशनर एल्फिन्स्टन याला लिहीत होता तो पत्रव्यवहार त्यांत शोधायचा आहे. पांझराकाठच्या कुळकर्ण्याला जे लिहिण्याचे कारण नव्हते, ते या नव्या अंमलदाराला ठाऊकच नव्हते. पाणी कोण देतो, वर्गणी कशी बसते, हवालदाराला धान्य किती मिळते, हे त्याला प्रत्येक ठिकाणी विचारूनच घ्यावे लागले असेल, आणि विचारलेले वरिष्ठांना कळवावेही लागले असेल. आप्पांनी मातीत ओढलेल्या रेघा जर कुठे शाईत सापडायच्या असतील, तर त्या अशा एखाद्या पत्रात सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. त्यासाठी अर्जात या वेळी काळ नेमका लिहिता येईल: १८१८ ते १८२३.